‘थांबा, बघू’

(एका व्याख्यानमालेत स्त्रीरोगतज्ज्ञ वक्त्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय ‘युरोपात स्त्री-पुरुष समानतेच्या विरोधात उठलेली लाट’ असा छापलाय. या लाटेमागची कारणं सांगेन असं मी आयोजकांना कबूल केलंय आणि ती सांगणारही आहे. पण त्याआधी एक गोष्ट मांडू द्या. कित्येक वर्षं ती माझ्या मनात घर करून आहे, आणि इतक्या मनापासून ऐकणारी माणसं एका जागी रोज भेटत नाहीत.

मी डॉक्टर आहे. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. तरी स्त्रियांविषयी कुठलाही नवा कायदा आला की मी तो एका माणसाच्या जागी बसून वाचते. तो माणूस म्हणजे रात्रपाळीचा ज्युनिअर डॉक्टर. पहाटेचे तीन वाजलेत, वॉर्डात पेशंटला हुडहुडी भरून ताप आलाय, नाडी १३० वर गेलीय, मोठे डॉक्टर फोन उचलत नाहीत, आणि या पोराच्या डोक्यात एकच विचार आहे: मी आत्ता हात घातला तर उद्या माझ्यावर केस होईल का? कायदा खरा काय आहे ते त्या क्षणी ठरतं. पोलीस चौकीतही असंच. बाई ओठ फुटलेल्या अवस्थेत रात्री येते, तेव्हा टेबलामागे बसलेला शिपाई जे करतो तोच त्या देशाचा कायदा.

बायकांचे हक्क ज्यांना परत काढून घ्यायचेत त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यासाठी पुस्तकातली ओळ खोडावीच लागते असं नाही. खालच्या पायरीवरच्या माणसाला घाबरवून सोडलं की काम होतं. मग तो बाईला म्हणतो, ‘थांबा, बघू.’ आणि बाईच्या शरीराला थांबता येत नाही. आजचं माझं सगळं बोलणं याच दोन शब्दांभोवती आहे.

सविता हलप्पनवार हे नाव इथे बऱ्याच जणांना आठवत असेल. बेळगावची मुलगी. दंतवैद्य. लग्नानंतर नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहायला गेली. वय ३१, पहिलंच बाळंतपण. २१ ऑक्टोबर २०१२ ला, रविवारी, पाठ दुखते म्हणून ती हॉस्पिटलात गेली. सतरावा आठवडा. तपासणीत कळलं की गर्भपात होणार हे नक्की आहे, आता तो थांबवता येणार नाही. त्याच रात्री पाण्याची पिशवी फुटली.

इथे मला डॉक्टर म्हणून जरा खोलात जाऊ द्या. सतराव्या आठवड्यात गर्भपात असा अटळ झाला आणि पिशवी फुटली, तर ते बाळ जगत नाही. फुप्फुसं तयारच झालेली नसतात. त्याला वाचवायचा प्रश्नच उरत नाही. उरते फक्त आई. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं, पाणी गेलेलं, म्हणजे जंतूंना आत शिरायला रस्ता मोकळा. अशा वेळी तिची इच्छा असेल तर गर्भाशय रिकामं करायचं. आणि जंतुसंसर्गाची नुसती शंका आली तरी मग वाट बघायचीच नाही. तालुक्याच्या दवाखान्यातली सिस्टरसुद्धा हे सांगेल. कारण सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग सगळ्या शरीरात भिनणं, तासांच्या हिशेबात पुढे सरकतो. सकाळी बाई बोलत असते आणि रात्री तिचं रक्त गोठायचं बंद झालेलं असतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

सविताने मंगळवारी स्वतःहून विचारलं: बाळ वाचणार नाही, तर मला मोकळं करा. नाही म्हणाले. गर्भाच्या हृदयाचे ठोके अजून सुरू आहेत आणि आयर्लंडचा कायदा परवानगी देत नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असंही एक परिचारिका बोलून गेली. पुढे चौकशीत तिने ते कबूल केलं. बुधवारी सेप्सिसचं निदान झालं. त्याच दिवशी ठोके थांबले. २८ ऑक्टोबरच्या पहाटे सविता गेली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढे जी चौकशी झाली, तिच्या अहवालात हॉस्पिटलच्या चुकाही निघाल्या. रक्ताच्या तपासणीचा निकाल वेळेवर बघितला गेला नव्हता, नाडी-तापमान ठरल्या वेळी घेतलं गेलं नव्हतं. गर्भपाताच्या विरोधातले लोक आजही म्हणतात, बघा, कायद्याचा दोष नव्हता, हलगर्जी होती. मी त्यांना विचारते, हलगर्जी कुठे फोफावते? ‘ठोके थांबेपर्यंत आपल्याला काही करायचंच नाही’ हे जिथे आधीच ठरलंय, तिथे वारंवार नाडी बघायची घाई कोण करणार? वाट बघणं हाच उपचार म्हटल्यावर सगळा वॉर्डच सुस्तावतो. कायद्याने आईचा जीव वाचवायची मुभा दिलेली होती. पण जीव नेमका किती धोक्यात आला म्हणजे ती मुभा लागू होते, हे त्या रात्रपाळीच्या डॉक्टरला कुणी सांगितलं नव्हतं. चुकलं तर तुरुंग.

आता आपल्याकडे बघा. आपला गर्भपाताचा कायदा १९७१ चा. ज्या समितीच्या शिफारशीवरून तो आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. म्हणजे बेळगावात राहिली असती तर सविताला जे विनासायास मिळालं असतं, ते युरोपातल्या एका सधन देशात मिळालं नाही. आपल्याला वाटतं, सुधारणा पश्चिमेकडून निघते आणि सावकाश आपल्यापर्यंत पोचते. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने गर्भनिरोधकं विकणं आणि बाहेरून आणणं हा गुन्हा ठरला, आणि विकणं तर १९७९ पर्यंत गुन्हाच होतं.

पण ‘आपल्याकडे कायदा आहे’ म्हणून इथे कुणी सुखाने मान डोलवू नये. माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावर करते. आपला कायदा सांगतो की बाई सज्ञान असेल तर गर्भपातासाठी फक्त तिची संमती लागते. फक्त तिची. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. मी उमेदवारी केली त्या हॉस्पिटलात मात्र फॉर्मवर नवऱ्याच्या सहीसाठी वेगळी रेघ आखलेली होती. एक बाई आठवते. तीन मुली, चौथ्यांदा दिवस गेलेले, अंगात हिमोग्लोबिन जेमतेम सहा. नवरा ऊसतोडीला गेलेला, कुठल्या फडावर आहे ते तिला माहीत नाही, तेव्हा मोबाइल नव्हते. कारकुनाने तिला तीनदा परत पाठवलं. ‘मालकांना घेऊन या.’ चौथ्यांदा ती आलीच नाही. तिचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. कायदा तिच्या बाजूने होता, पण तिची गाठ पडली ती त्या आखलेल्या रेघेशी. ती रेघ कुणी आखली, कुणाच्या आदेशाने, हे मी वरिष्ठांना विचारलं. ‘पहिल्यापासून आहे’ एवढंच उत्तर मिळालं. ते ऐकून आलेला संताप अजून उतरलेला नाही.

असो. परत आयर्लंडला जाऊ. तिथल्या बायकांची एक हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आणि तुमचे चेहरेही जरा फार गंभीर झालेत. २२ मे १९७१. डब्लिनच्या चाळीसेक बायकांनी ठरवलं की आगगाडीने बेलफास्टला जायचं. बेलफास्ट ब्रिटिश राजवटीत, तिथे गर्भनिरोधकं उघड विकायला. ती घेऊन यायची आणि डब्लिन स्टेशनवर कस्टमवाल्यांच्या नाकासमोर नाचवायची. हिंमत असेल तर करा अटक! बेलफास्टला पोचल्यावर मात्र अडचण आली. निरोध आणि मलमं मिळाली, पण गोळ्या काही केल्या मिळेनात, कारण त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आता काय करायचं? त्यांच्यातल्या एका पत्रकार बाईने शक्कल काढली: ॲस्पिरिनच्या गोळ्या घेऊ. कस्टमवाल्या पुरुषांना गर्भनिरोधक गोळी दिसते कशी हे कुठे माहीत असणार! संध्याकाळी गाडी डब्लिनला आली. फलाटावर स्वागताला गर्दी. बायका ॲस्पिरिन उंच धरून घोषणा देताहेत, कुणी त्या गिळूनही दाखवताहेत, आणि कस्टमचे अधिकारी खाली बघताहेत. एकीलाही अटक झाली नाही. (हशा) हसा, मनमुराद हसा. त्या बायकाही गाडीत अशाच हसत असतील. पण सगळ्या बदनामी पत्करून आलेल्या होत्या. कुणाचे वडील घरी बोलणं सोडणार होते, कुणाचं नाव चर्चमध्ये घेतलं जाणार होतं.

मी ही हकीकत का सांगितली? कारण आजच्या विषयाचं मूळ तिच्यात आहे. सत्तरच्या दशकात आयरिश बायकांनी एकेक हक्क मिळवायला सुरुवात केली. लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची सक्ती १९७३ ला गेली. १९७९ ला गर्भनिरोधकं कायदेशीर झाली. आणि लगेच १९८१ मध्ये एक मोहीम सुरू झाली: गर्भपातबंदी थेट राज्यघटनेत घाला. बंदी तर होतीच! १८६१ च्या ब्रिटिश कायद्याने गर्भपात गुन्हाच होता; आपल्या १८६० च्या दंडसंहितेतलं ३१२ कलम त्याच काळातलं, त्याच घडणीचं. मग घटनेत घालायची गरज काय? उद्याच्या मुलींनी संसदेकडून किंवा कोर्टाकडून काही मिळवू नये म्हणून दाराला आजच कुलूप लावायचं होतं. ७ सप्टेंबर १९८३ च्या सार्वमतात ६६.९ टक्के लोकांनी हो म्हटलं. गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क सारखाच, असं घटनेत आलं. ऐकायला किती न्याय्य! त्या ‘सारखाच’ने २९ वर्षांनी गॉलवेच्या डॉक्टरांचे हात बांधले.

सविताच्या मृत्यूने आयर्लंड ढवळून निघालं. २५ मे २०१८ ला पुन्हा सार्वमत झालं. त्याआधी बेळगावहून तिच्या वडिलांनी आयरिश जनतेला आवाहन केलं होतं: माझ्या मुलीला आठवा आणि हो म्हणा. डब्लिनमध्ये एका भिंतीवर तिचं मोठं चित्र रंगवलं होतं, लोक त्याच्याभोवती चिठ्ठ्या चिकटवून जात होते. या वेळी ६६.४ टक्के लोकांनी ते कलम काढून टाकलं. ३५ वर्षांत दोन तृतीयांशांचं बहुमत इकडचं तिकडे झालं.

इथे थांबलं असतं तर मी आज भाषणाला आलेच नसते. पण आयर्लंड पुढे गेलं आणि त्याच सुमारास पोलंड मागे गेलं.

पोलंडमध्ये १९५६ पासून गर्भपात कायदेशीर होता. साठच्या दशकात स्वीडनच्या बायका गर्भपातासाठी पोलंडला जायच्या, आज हे सांगितलं तर खोटं वाटेल. कम्युनिस्ट राजवट गेली, चर्चचं वजन वाढलं, आणि १९९३ च्या कायद्याने तीनच वाटा ठेवल्या: आईच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका, बलात्कार वा नात्यातला अत्याचार, आणि गर्भात गंभीर व्यंग. २०१६ मध्ये याही वाटा जवळजवळ बंद करणारं विधेयक आलं. ३ ऑक्टोबरला, सोमवारी, पोलंडच्या बायका काळे कपडे घालून कामं टाकून रस्त्यावर आल्या. धो धो पाऊस होता. सगळ्या चौकांत छत्र्याच छत्र्या. तीन दिवसांनी संसदेने विधेयक फेटाळलं.

मग सत्ताधाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि तो मला फार बोलका वाटतो. संसदेत हरलेली गोष्ट त्यांनी घटना न्यायाधिकरणाकडून करून घेतली. आधी त्या न्यायाधिकरणात आपली माणसं बसवली. मग कोविडमुळे लोकांना जमायला बंदी असताना, २२ ऑक्टोबर २०२० ला, निकाल आला: गर्भातल्या व्यंगाची वाट घटनाबाह्य. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, पोलंडमध्ये १,११० कायदेशीर गर्भपात झाले होते. त्यातले १,०७४ याच वाटेने. राहिलं काय? जमावबंदी असूनही लाखो लोक रस्त्यावर आले. तरी निकाल लागू झाला.

आणि आता प्श्चिना. दक्षिण पोलंडमधलं छोटं गाव. सप्टेंबर २०२१. तीस वर्षांची बाई, बाविसावा आठवडा, गर्भात व्यंग आढळलेलं, पाण्याची पिशवी फुटलेली. हॉस्पिटलात दाखल. तिथून ती आईला मोबाइलवर मेसेज पाठवत राहिली. या कायद्यामुळे मला नुसतं पडून राहावं लागतंय, ते काही करू शकत नाहीत, ठोके थांबायची वाट बघताहेत, अशा अर्थाचे. ताप चढतोय हेही तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेप्सिसने गेली. मागे तिची लहान मुलगी.

मंडळी, गॉलवे आणि प्श्चिना यांच्यात नऊ वर्षं आणि अर्धा युरोप खंड आहे. केस पेपर मात्र जवळजवळ तोच. तीच पिशवी फुटणं, तोच ताप, तेच ठोके मोजत बसणं. आणि पोलंडच्या पुस्तकातही आईचा जीव वाचवायची मुभा त्या दिवशी जशीच्या तशी होती! सरकारने तेच तर सांगितलं: कायदा स्पष्ट आहे, डॉक्टर चुकले. २०२५ मध्ये कोर्टाने तिथल्या तीन डॉक्टरांना दोषी धरलं. ते दोषी आहेतच, माझ्या पेशातल्या लोकांना मी पाठीशी घालणार नाही. पण वर्षभर ज्यांनी ‘गर्भाला हात लावाल तर खबरदार’ असं वातावरण तापवलं, त्यांच्यातला कुणीही त्या पिंजऱ्यात उभा नव्हता.

(आयोजकांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? बरं. मला अजून तुर्कस्तान सांगायचंय. ते सोडणार नाही, थोडक्यात सांगते.

दियारबकिर शहरातली एक बाई आणि तिची आई वर्षानुवर्षं पोलिसांकडे तक्रारी करत होत्या. जावई मारतो, जिवे मारायची धमकी देतो. घरगुती मामला म्हणून बोळवण व्हायची. २००१ मध्ये त्याने बायकोला सात वेळा भोसकलं. शिक्षा? सुमारे ३८५ युरोचा दंड, तोही आठ हप्त्यांत भरायची सवलत. पुढच्या वर्षी आई मुलीला घेऊन दूर जायला निघाली, सामान ट्रकवर चढवलेलं, आणि त्याने आईला गोळ्या घातल्या. ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ जून २००९ ला निकाल दिला की घरातल्या मारहाणीपासून बाईला संरक्षण न देणं हा राज्याने केलेला भेदभाव आहे. या न्यायालयाने असं म्हणण्याची ती पहिली वेळ. यानंतर दोनच वर्षांत, ११ मे २०११ ला, बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा इस्तंबूल करार सह्यांसाठी खुला झाला. निवारागृहं हवीत, चोवीस तास हेल्पलाइन हवी, पोलिसांनी धोका ओळखून तातडीने पावलं उचलावीत, आणि रूढी, धर्म, ‘घराण्याची अब्रू’ ही हिंसेची सबब चालणार नाही. म्हणजे त्या टेबलामागच्या शिपायाला ‘थांबा, बघू’ म्हणायची सोय ठेवायची नाही. तुर्कस्ताननेच सगळ्यांत आधी तो मंजूर केला, संसदेत एकही विरोधी मत न पडता.

आणि २० मार्च २०२१ च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने तोच देश बाहेर पडला. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. बायका सकाळी उठल्या तेव्हा करार गेलेला होता. कारण काय दिलं? समलैंगिकता रुजवू पाहणाऱ्यांनी तो ताब्यात घेतलाय. करार मारहाणीबद्दल, आणि उत्तर भलतंच! बल्गेरियाच्या घटना न्यायालयाने २०१८ मध्ये, स्लोवाकिया आणि हंगेरीच्या संसदांनी २०२० मध्ये हा करार नाकारला तोही अशाच बोलीत. रशियाने तर त्यात कधी सहीच केली नाही; उलट २०१७ मध्ये घरातली पहिली मारहाण, हाड मोडेपर्यंत गेली नसेल, तर फौजदारी गुन्ह्यातून वगळली.

आता कारणं. घाईत सांगते, माफ करा.

पहिली गोष्ट, हा राग आपोआप उसळलेला नाही, तो संघटित आहे. १९९४ ची कैरो आणि १९९५ ची बीजिंग परिषद, तिथे बायकांच्या शरीरावरचा हक्क जगाने कागदावर मान्य करायला सुरुवात केली. व्हॅटिकनने तिथेच विरोध सुरू केला, आणि ‘जेंडर विचारसरणी’ नावाचं भूत तेव्हापासून उभं करण्यात आलं. गर्भपात, समलिंगी विवाह, शाळेतलं लैंगिक शिक्षण, मारहाणीविरुद्धचा करार, सगळं त्या एका नावाखाली. या कामासाठी युरोपात २००९ ते २०१८ या काळात ७० कोटी डॉलरहून अधिक पैसा खर्च झाल्याचा अभ्यास आहे. त्यात अमेरिकेतला पैसा आहे, रशियातला आहे, आणि सगळ्यांत जास्त खुद्द युरोपातला आहे. २०१९ मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहरात यांचा जागतिक मेळावा भरला तेव्हा इटलीचे उपपंतप्रधान व्यासपीठावर होते.

दुसरी, पाळणे हलत नाहीत याची भीती. युरोपात जन्मदर घसरतोय आणि बाहेरून माणसं येताहेत. सत्तेवरच्या पुरुषांना यावर सोपा उपाय दिसतो, बाई. हंगेरीने २०२० पासून चार मुलं असलेल्या आईला जन्मभर आयकर माफ केला. २०२२ पासून गर्भपात मागणाऱ्या बाईला आधी गर्भाच्या जिवंतपणाची खूण दाखवायचा नियम केला. एका हाताने आमिष, दुसऱ्याने टोचणी. याने मुलं होतात का? २०१७ मध्ये पोलंडचा जननदर दर बाईमागे जवळपास १.४५ होता. बंदी आल्यावर तो घसरत २०२४ मध्ये १.१ वर आला. मुली घाबरल्या! दिवस गेले आणि काही बिनसलं तर हॉस्पिटल आपल्याला वाचवेल याची खात्री नसेल, तर कोण आई व्हायला धजावेल? रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू १९६६ मध्ये हेच करून बसला होता. गर्भपातावर बंदी घातली. वर्षभर जन्म दुपटीच्या जवळ गेले, मग उतरत गेले, आणि १९८९ पर्यंत चोरून केलेल्या गर्भपातांनी हजारो बायका मेल्या. ती राजवट कोसळली आणि तिच्या जागी आलेल्यांनी २६ डिसेंबरला, पहिल्या काही दिवसांतच, तो हुकूम रद्द केला. युरोपात हे सगळं घडून गेलेलं आहे, लोकांच्या आठवणीत आहे, आणि तरी पुन्हा तेच.

तिसरी गोष्ट तरुण मुलांची. स्पेनमध्ये २०२४ च्या सुरुवातीला सरकारी संस्थेने पाहणी केली. समानता इतकी पुढे गेलीय की आता पुरुषांवरच अन्याय होतोय, असं ४४ टक्के पुरुष म्हणाले. घरभाडं परवडत नाही, नोकरी टिकत नाही, हा त्यांचा त्रास खरा आहे. मी तो हसण्यावारी नेत नाही. पण त्यांच्या मोबाइलमध्ये दिवसभर कुणीतरी सांगत असतं की तुझी जागा शेजारच्या मुलीने घेतली. घरमालकाचं नाव कुणी घेत नाही. याचं उत्तर अजून कुणाला नीट सापडलेलं नाही, आणि आपल्या घरातली मुलंही तेच व्हिडिओ बघतात.

दुसरी बाजूही आहे, फ्रान्सने मार्च २०२४ मध्ये गर्भपाताचं स्वातंत्र्य घटनेत घातलं, ७८० विरुद्ध ७२ मतांनी. पोलंडमध्ये २०२३ च्या निवडणुकीत बायकांनी रांगा लावून मतदान केलं, सरकार बदललं. तरी जुलै २०२४ मध्ये गर्भपाताला मदत करणं गुन्ह्यातून काढायचं विधेयक २१८ विरुद्ध २१५ असं तीन मतांनी पडलं. आणि ताजी गोष्ट लॅटव्हियाची. इस्तंबूल करार तिथे २०२४ मध्ये लागू झाला. ३० ऑक्टोबर २०२५ ला संसदेने ५६ विरुद्ध ३२ मतांनी बाहेर पडायचं ठरवलं. रीगामध्ये हजारो माणसं थंडीत जमली, राष्ट्राध्यक्षांनी कायदा परत पाठवला, आणि संसदेने निर्णय २०२६ च्या निवडणुकीपलीकडे ढकलला. तिथल्या बायकांनाही आता थांबायला सांगितलंय.

दोन मिनिटं राहिलीत, ती कामाच्या गोष्टीसाठी वापरते. या सभागृहात असे पालक असतील ज्यांची मुलगी किंवा सून युरोपात नोकरीला, शिकायला आहे. निघताना आपण विमा बघतो, थंडीचे कपडे बघतो. तिथला हा कायदाही वाचा. आयर्लंडमध्ये आता १२ आठवड्यांपर्यंत गर्भपात मिळतो, पण पहिल्या भेटीनंतर तीन दिवस थांबावं लागतं, ते धरून दिवस मोजा. पोलंडमध्ये मुभा कागदावर आहे, हॉस्पिटलागणिक अनुभव वेगळा. जर्मनीची आणि चेकची सीमा जवळ आहे. माल्टात २०२३ च्या बदलानंतरही जीव धोक्यात असेल तरच, आणि धोका अगदी तातडीचा नसेल तर तीन डॉक्टरांच्या संमतीने. २०२२ मध्ये तिथे फिरायला आलेल्या एका अमेरिकन बाईला पिशवी फुटलेल्या अवस्थेत विमानाने स्पेनला न्यावं लागलं होतं. आणि कुठल्याही देशात, कितव्याही आठवड्यात, पाणी गेलं आणि हुडहुडी भरून ताप आला, तर ठोक्यांची चर्चा करत बसू नका. ‘मला सेप्सिसची भीती वाटते’ असं मोठ्याने सांगा, ते केस पेपरवर लिहायला लावा, रक्ताचे रिपोर्ट मागून घ्या आणि फोटो काढून घरी पाठवा. माझा नंबर आयोजकांकडे ठेवलाय. रिपोर्ट मला पाठवा, रात्री कितीही वाजले असले तरी फोन करा.